मीटरच्या काड्या

माझी थोरली बहीण, जिला मी बाय म्हणायचो, ती मुरबाडला दिली होती. भावोजींच्या घरी भातशेती होती, पण ती त्यांचे दोघे भाऊ बघत. भावोजी स्वतः दिवाळीनंतर तंबू घेऊन बाहेर पडत आणि गावोगाव सिनेमा दाखवत. लग्न ठरवताना आमच्या वडिलांना हे सांगितलं गेलं तेव्हा ते काय म्हणाले ते आई सांगायची. त्यांनी एवढंच विचारलं, की पावसाळ्यात तरी माणूस घरी असतो ना? असतो म्हटल्यावर त्यांनी होकार दिला.

ते दिवस मुक्या चित्रपटांचे होते. पडद्याच्या कडेला स्टूल टाकून भावोजी त्यावर उभे राहत आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून पडद्यावरची माणसं काय बोलताहेत ते सांगत. राजा असो, राक्षस असो, सगळे मुरबाडकडचंच बोलत. राणी रुसली की ते आवाज बारीक करून म्हणत, "मी नाय येत, तुमीच जा." बायका पदर तोंडाला लावून हसत. बाजूला एक पेटीवाला आणि एक तबलजी बसलेले असत. तंबूचा फेरा शहापूर, शेणवा, किन्हवली, मग मुरबाड, धसई असा ठरलेला होता, आणि मध्ये म्हशाची जत्रा.

पुढे बोलपट आले. दोन-तीन वर्षं भावोजींनी ते मनावर घेतलं नाही. पण मग कल्याणला जाऊन आलेली माणसं तंबूत बसून म्हणू लागली, की तिकडे चित्रं स्वतः बोलतात, गातात. मुकी रिळं भाड्यानं मिळणंही कमी होत गेलं. तेव्हा त्यांनी कुणाचं तरी वापरलेलं बोलतं मशीन आणि ॲम्प्लिफायर घेतला. पेटीवाला आणि तबलजी आपापल्या घरी गेले. मी त्या वेळी कल्याणला विजेच्या कामाच्या एका वर्कशॉपात होतो. बायनं निरोप धाडला की तुझ्या भावोजींनी एक लोखंडी पेटी आणलीय, तिच्या आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाय आणि मलापण नाय, तू ये. मी गेलो, आणि मग तिथेच राहिलो.

ॲम्प्लिफायर म्हणजे फिल्मवरून येणारा अगदी बारीक आवाज मोठा करून कर्ण्यात पाठवणारी पेटी. वर काचेचे व्हॉल्व्ह, खाली तारांचं जाळं. आमचं इंजिन जनरेटर फिरवायचं, जनरेटर या पेटीला वीज द्यायचा आणि पेटीच्या पोटात विजेचा दाब घरातल्या दिव्याच्या दाबापेक्षा कितीतरी वाढायचा. आतल्या काही नळकांड्या तर अशा होत्या, की इंजिन बंद केल्यावरही त्यांच्यात वीज थोडा वेळ साठून राही. हे सगळं मी भावोजींना समजावून सांगितलं होतं आणि त्यांना ते कळलंही होतं. ते हुशार होते. महिन्याभरात कुठे किती दाब असायला हवा ते त्यांना पाठ झालं.

तो दाब मोजायला आमच्याकडे एक विलायती मीटर होता. काळी जड पेटी, काचेखाली काटा, आणि दोन भोकं, एक लाल, एक काळं. त्या भोकांत दोन वायरी खोचायच्या. वायरींच्या दुसऱ्या टोकाला हातात धरायच्या दोन दांड्या, त्यांच्या पुढे धातूचं टोक. टोक जिथे टेकवाल तिथली वीज काटा सांगतो. दांड्यांना आम्ही मीटरच्या काड्या म्हणायचो. मीटर चांगला होता. काड्या आणि वायरी मात्र त्याच्या मूळच्या नव्हत्या. ज्याच्याकडून तो घेतला त्यानं दिव्याची जुनी वायर जोडून, बोराएवढ्या जाडीच्या लाकडी मुठी बसवून तो विकला होता. वायरीवर रबर होतं आणि रबरावर सुताची वीण. पावसाळ्यात सगळं सामान शहापूरला आमच्या वडिलांच्या घराच्या माळ्यावर असे. वर पत्रे. चार महिने दमट हवा आणि मधूनच उघडलं की भट्टीसारखा ताप. असल्या जागी रबर टिकत नाही. वरून वीण शाबूत दिसे, पण आतलं रबर वाळून त्याला चिरा जात. मुठीपाशी, जिथे वायर रोज वाकते, तिथे तर ते गळूनच पडलं होतं. भावोजींनी तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. लढाई सुरू होऊन रबराचा तुटवडा झालेला. नवी वायर मागितली की दुकानदार हसायचे.

म्हशाची जत्रा म्हणजे बैलांचा बाजार. माळभर बैल, त्यांच्यापलीकडे घोंगड्यांची, पितळेच्या भांड्यांची दुकानं, आणि कडेला आमचा तंबू. त्या साली जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाआधी कर्ण्यातून आवाज येईना. बाहेर लोक जमू लागले होते. मी जनरेटरपाशी होतो. भावोजींनी ॲम्प्लिफायर उताणा केला, खालचं झाकण काढलं आणि वीज चालू ठेवूनच मोजायला बसले. तसंच मोजावं लागतं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. उजव्या हातात लाल भोकाची काडी, डावा हात दुसरी काडी दाबून धरत पेटीच्या लोखंडी कडेवर टेकलेला. काडी धरताना त्यांचं बोट मुठीच्या मागे, चिकटपट्टीवर गेलं. उन्हानं पट्टीचा डिंक पातळ होऊन ती सरकली होती.

मला आवाज आला नाही. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकूही आलं नसतं. मी सहज तंबूत पाहिलं तर भावोजी पेटीवर वाकून बसले होते आणि त्यांचे खांदे थरथरत होते. आधी वाटलं, हसताहेत. मग त्यांचं तोंड दिसलं. मी खटका ओढला. तेवढ्यात ते आणि पेटी दोन्ही बाकावरून खाली आले. एक व्हॉल्व्ह फुटला. ते मातीत पडून होते, डोळे उघडे, पण बघत नव्हते. बाय तिकिटाच्या टेबलावरून धावत आली. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालावर थापट्या मारत त्यांना हाक मारत राहिली. ती नाव घेत नव्हती, नुसतं "अवो, अवो" म्हणत होती. थोड्या वेळानं त्यांनी श्वास ओढला, तो एवढा मोठा होता की बाहेरच्या बाजूला बांधलेला एक बैल दचकून उठला.

बैलगाडीत घालून त्यांना मुरबाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटावरची जळालेली जागा पाहिली आणि माणूस वाचला हेच खूप आहे असं सांगितलं. बोटावरचा डाग दिसायला लहान होता, फक्त आत खोल गेलेला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्या दिवसापासून बधिर झाली, ती कायमचीच.

आठवड्याभरानं ते तंबूत परतले. व्हॉल्व्ह अजून मिळालेला नव्हता, पेटी बंद. रिळं मात्र भाड्याची, ती परत करायच्या आत दाखवायला हवीत. भावोजींनी सामानातून जुना पत्र्याचा भोंगा काढला, त्याचा गंज पुसला आणि बोलपट मुका चालवून स्वतः बोलायला उभे राहिले. मला वाटलं होतं लोक ओरडतील. तसं झालं नाही. वयस्कर मंडळींना आपला जुना माणूस परत आल्यासारखं वाटलं. आसपासच्या पाड्यांवरून आलेली माणसं तर खूश झाली, कारण बोलपटातली भाषा त्यांना निम्मी कळत नसे. पहिल्या दिवशी खेळ संपल्यावर काही जण भावोजींच्या पाया पडून गेले.

व्हॉल्व्ह आला. मी म्हटलं, आता पेटी दुरुस्त करायला घेतो. भावोजी म्हणाले, राहू दे, घाई काय आहे. पुढच्या गावाला पुन्हा विचारलं तर म्हणाले, लोकांना असंच आवडतंय. तिसऱ्या वेळी त्यांनी विषयच बदलला. मीटर त्यांनी एका पोत्यात गुंडाळून गाडीच्या तळाशी, तंबूच्या खुंट्यांखाली ठेवून दिला होता. मी तो काढायला गेलो की त्यांना काहीतरी दुसरं काम आठवे आणि ते मला तिकडे पाठवत. ते घाबरले होते. पण ते म्हणणार नव्हते आणि मीही म्हणणार नव्हतो. इंजिन चालू झालं की ते ॲम्प्लिफायरच्या बाकाला वळसा घालून जात, हे मी रोज बघत होतो. बायही बघत होती.

असा जवळजवळ एक हंगाम गेला. दरम्यान दोन गोष्टी झाल्या. रोज दोन-दोन खेळ बोलून भावोजींचा आवाज बसू लागला. जेवताना ते खुणांनी भाकरी मागत. आणि तंबूत बायका कमी झाल्या. मला ते कळलं नव्हतं, बायला कळलं, कारण बायकांची तिकिटं ती द्यायची. किन्हवलीत विहिरीवर तिनं कुणाला तरी विचारलं, की का गो येत नाय? त्या बाईनं सांगितलं, की तुझा नवरा बोलतो ते झ्याक आहे, पण आमी गाणी ऐकायला येत होतो. एकदा ऐकलं की जात्यावर बसून वर्षभर म्हणता येतं. तो काय गाणार?

बायनं हे भावोजींना सांगितलं नाही. ती मला म्हणाली, "त्या पेटीत वाईट काय होतं? पेटी, का वायर?"

मी म्हटलं वायर. पेटीतला बिघाड वेगळा आणि किरकोळ असणार. त्यांना झटका बसला तो वायरीमुळे.

"मग चांगली वायर आण. मुंबईला जा. मीटर घेऊन जा आणि तिथेच बघून घे."

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार मुरबाडहून कल्याणला जायची. चढ लागला की उतारू खाली उतरून चालत. भावोजी झोपलेले असताना बायनं खुंट्यांखालून काढून दिलेला मीटर गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वाटेत शेजारच्या माणसानं विचारलं, आत घड्याळ आहे का? मी हो म्हटलं. कल्याणला गाडी बदलून मी मुंबईत विजेच्या जुन्या सामानाच्या बाजारात पोचलो.

तिथे काड्या मिळत होत्या. दोन-तीन दुकानांत तर दोरीला माळेसारख्या टांगलेल्या होत्या, लाल आणि काळ्या, चकचकीत. एक जोडी हातात घेतली. आधी वायर बोटाला गुंडाळून वाकवली, आणि वाकलेल्या जागी उजेडात पाहिलं. केसाएवढ्या चिरा दिसल्या. दुकानात टांगून टांगूनच रबर वाळलेलं. दुसरी जोडी नवी होती, रबर मऊ, पण वायरीच्या आत चारच जाड तारा. अशा वायरीला रोज वाकवलं की तारा एकेक करून तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस वीज असूनही काटा हलत नाही. तसं झालं की माणूस समजतो इथे वीज नाही, आणि हात घालतो. ते तर जास्त वाईट. तिसरी जोडी मी मीटरला लावली, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. मीटरच्या पोटात स्वतःचा सेल असतो, म्हणून अशा वेळी काटा सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन स्थिर उभा राहायला हवा. तो गेला. मग मी मुठीपाशी वायर हलवली, तर काटा फडफडला. आतला सांधा सैल होता.

दुकानदार तोपर्यंत कंटाळला होता. त्यानं सांगितलं, की लोक रंग बघतात आणि घेऊन जातात, तुम्हाला लग्नाची मुलगी बघायची आहे का? मी म्हटलं, मला ज्या माणसासाठी घ्यायच्या आहेत त्याला एकदा वीज लागलेली आहे. मग त्यानं मला हवं ते बघू दिलं.

एकाही मुठीला पुढे गळपट्टी नव्हती. गळपट्टी म्हणजे मुठीच्या आणि टोकाच्या मध्ये एक उंच कडा, घामानं बोट सरकलं तरी ती ओलांडून धातूवर जाऊ नये म्हणून. शिवाय सगळ्यांची टोकं बोटभर लांब आणि पूर्ण उघडी. व्हॉल्व्हच्या खाली पाय अगदी जवळजवळ असतात. लांब उघडं टोक एकाला लावताना दुसऱ्याला टेकतं आणि ठिणगी उडते. टोक उघडं हवं ते तांदळाच्या दोन दाण्यांएवढं.

संध्याकाळपर्यंत फिरून मला एक गोष्ट मनासारखी मिळाली, ती म्हणजे वायर. कुठल्यातरी लष्करी सामानातून आलेली. जाड काळं रबर, हातात घेतली तर दोरीसारखी लोंबणारी. टोक सोलून पाहिलं तर आत कल्हई केलेल्या केसासारख्या तारांचा झुबका. गाठ मारून ओढली, सोडली, तरी रबरावर वळ उठला नाही. ती घेतली. मुठी काही मिळाल्या नाहीत.

मुठींचं उत्तर स्टेशनाकडे परत येताना फुटपाथवर सापडलं. एक म्हातारा फाउंटन पेनं दुरुस्त करत बसला होता. त्याच्यापुढे निबं, जिभल्या आणि मोडक्या पेनांच्या नळ्यांचा ढीग. त्या काळची चांगली पेनं एबोनाइटची असत, म्हणजे कडक केलेलं रबर. त्यातून वीज जात नाही, ते दमट हवेला जुमानत नाही, आणि आतून पोकळ. मी दोन जाड नळ्या निवडल्या, चीर आहे का ते नखानं वाजवून पाहिलं. त्यानं विचारलं निब कुठलं टाकू? निब नको म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. काय करणार ते सांगितलं तेव्हा त्यानं ढिगातून आणखी एक नळी काढून दिली, म्हणाला एखादी भोक पाडताना फुटेल. ती खरंच फुटली.

तंबू तेव्हा मुरबाडला होता. मी परत आलो आणि सामान बायसमोर ठेवलं. भावोजी दिवसा झोपून घसा सांभाळत असत. आम्ही दोघांनी त्यांच्या मुरबाडच्या घरी, मागच्या पडवीत, काम केलं. टोकाला ग्रामोफोनच्या सुया घेतल्या. पेटी चालू होती तेव्हा मध्यंतरात कर्ण्यावर वाजवायला आमच्याकडे रेकॉर्डी होत्या, त्यामुळे सुयांना तोटा नव्हता. सुईला वायर कथलानं डाखली, शेगडीत खिळा तापवून. सुई पेनाच्या तोंडातून जरा बाहेर ठेवली आणि बाकी पोकळीत लाख वितळवून ओतली, म्हणजे आतला सांधा हलू नये. गळपट्टीसाठी फुटलेल्या रेकॉर्डीचा तुकडा उकळत्या पाण्यात धरला. तो चामड्यासारखा मऊ होतो, कात्रीनं कापता येतो आणि गार झाला की पुन्हा कडक. पैशाएवढ्या दोन चकत्या कापून, भोकं पाडून त्या पेनांवर सरकवल्या.

मुठीच्या मागची जागा बायनं केली. वायर पेनातून बाहेर पडते तिथे एकदम न वाकता हळूहळू वाकावी, नाहीतर रबर पुन्हा तिथेच फाटणार, एवढं मी तिला सांगितलं. तिनं मेण लावलेला दोरा घेतला आणि गोफणीची दोरी गुंडाळतात तसा घट्ट फेऱ्यावर फेरा घेत पेनाच्या कडेपासून चार बोटं खालपर्यंत आणला, पुढे पुढे पातळ करत. वरून लाखेचा हात. मला तसं जमलं नसतं. मीटरच्या काळ्या भोकाच्या वायरीला मी काडीऐवजी चिमटा लावला. तो पेटीच्या लोखंडाला अडकवून ठेवायचा, म्हणजे मोजताना एकच हात लागतो आणि दुसरा मोकळा राहतो. भावोजींचा डावा हात पेटीवर नसता तर वीज छातीतून गेली नसती. दुसरी काडी मी जोडीला करून ठेवली.

काड्या तयार झाल्या तरी त्या वीज अडवतात की नाही हे पाहायला हवं होतं. भावोजी बाजारात गेलेले असताना मी पेटीत नवा व्हॉल्व्ह बसवला आणि तंबूत इंजिन लावलं. एका काडीचं टोक पेटीतल्या सगळ्यात मोठ्या दाबाच्या जागी टेकून बांबूच्या कामटीनं दाबून बसवलं, मुठीभोवती ओलं फडकं गुंडाळलं, आणि त्या फडक्यातून काही वीज झिरपते का ते दुसऱ्या काडीनं मोजलं. काटा जागचा हलला नाही. मग दोरा गुंडाळलेल्या भागावर फडकं सरकवलं. तिथेही नाही. बाय बाजूला उभी राहून सगळं बघत होती.

"मला दाखव," ती म्हणाली. "कुठं धरायचं?"

मी तिला नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. ती म्हणाली, की त्यांना तू दाखवून उपयोग नाय, तू शिकलेला आहेस. मी धरलेलं त्यांना दिसू दे.

आम्ही भावोजी परत यायची वाट पाहिली. ते तंबूत शिरले तेव्हा इंजिन चालू होतं आणि उताण्या पेटीपुढे बाय बसली होती. ते दारातच थांबले. काळा चिमटा मी आधीच अडकवला होता. बायनं डावा हात पाठीमागे कमरेला खोचला, उजव्या हातात पेन धरावं तशी गळपट्टीच्या मागे काडी धरली आणि मी बोट दाखवलं तिथे टोक टेकवलं. काटा सावकाश वर गेला आणि थांबला. तिला मीटर वाचता येत नव्हता. तिनं मान न वळवता विचारलं, "बरोबर आहे का वो?"

भावोजी पुढे आले, मीटरसमोर उकिडवे बसले आणि काट्याकडे पाहिलं. मग बसलेल्या आवाजात म्हणाले, "हात हलवू नको गो. त्याच्या पुढच्या पायाला लाव."

तिनं लावलं. त्यांनी आकडा सांगितला. आणखी पुढे. तिथे काटा हललाच नाही. ते म्हणाले, इथे यायला पायजे होतं. त्यांनी मला विचारलं, वायर तुटलेली नसेल ना? मी दोन्ही टोकं जुळवून, वायर मुठीपाशी हलवून दाखवली. काटा दुसऱ्या टोकाला जाऊन तसाच उभा राहिला. म्हणजे काडी खरं सांगत होती. वाटेतला एक छोटा रोध, म्हणजे वीज बेतानं सोडणारा तुकडा, जळून तुटला होता, त्यामुळे एका व्हॉल्व्हला वीजच मिळत नव्हती. म्हशाला आवाज बंद झाला तो त्याच्यामुळेच. तो बदलायला फारसा वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काडी स्वतः हातात घेतली. मी मुद्दाम जवळ गेलो नाही. ती त्यांनी बधिर बोटं बाजूला ठेवून, तीन बोटांत धरली. पहिल्या वेळी टोक टेकवून लगेच मागे घेतलं. मग पुन्हा टेकवलं. त्या संध्याकाळी मुरबाडात आमच्या तंबूतून गाणं ऐकू आलं तेव्हा बाजारातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. पुढच्या मुक्कामाला बायका परत येऊ लागल्या.

भावोजींनी भोंगा मात्र सोडला नाही. रीळ बदलायला जो वेळ लागे तेवढ्यात ते स्टुलावर उभे राहून पुढे काय होणार ते सांगत, आणि आधीच्या रिळात काय झालं ते ज्यांना कळलं नसेल त्यांना समजावत. काही लोक तेवढ्यासाठीच येत.

मोजायचं काम हळूहळू बायकडेच गेलं. कुणी ठरवून दिलं नाही. दुपारी भावोजी रिळं गुंडाळत, मी इंजिनाचं बघे, आणि ती पेटीपुढे बसे. आकडे तिला त्यांनीच शिकवले. मोजायच्या आधी ती वायर हातातून पूर्ण सरकवून बघे, कुठे चीर आहे का, मुठीपाशी रबर कडक झालंय का, आणि टोकं जुळवून काटा पाही. पावसाळ्यात काड्या माळ्यावर न ठेवता ती त्यांना रबर चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड लावून, गुंडाळून, घरात डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवी. त्या वायरी बरीच वर्षं टिकल्या.

लढाई संपल्यावर रिळं स्वस्त झाली आणि तंबूही पुष्कळ झाले. कल्याणला जाऊन सिनेमा बघणारे वाढले. भावोजींची छाती पूर्वीसारखी राहिली नव्हती, ओझं उचललं की त्यांना दम लागे. स्वातंत्र्य आलं त्याच्या आसपास त्यांनी सगळं सामान घाटावरच्या एका माणसाला दिलं आणि भावांबरोबर शेतीत उभे राहिले. मी शहापूरला रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

सामान न्यायला तो माणूस आपला मिस्त्री घेऊन मुरबाडला आला होता. तंबू, बाकं, इंजिन, पेटी सगळं गाडीत चढवून झालं. मिस्त्रीनं मीटर उचलला आणि काड्यांकडे बघून विचारलं, ही पेनं कशाला जोडली? भावोजींनी बायकडे बोट दाखवलं. तिनं त्याला अंगणात बसवलं, डावा हात पाठीमागे कमरेला खोचायला लावला आणि तो नीट धरीपर्यंत गाडी हलू दिली नाही.